पर्यावरण शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे? मुंबईच्या महापालिका शाळांच्या निमित्ताने



व्याख्यानमालेचे आजचे पुष्प गुंफायला आम्हांला बोलावले, याबद्दल आयोजकांचे आभार. विषय दिला होता ‘शहरातील सार्वजनिक शाळा आणि पर्यावरण शिक्षण’. या विषयावर बोलायला उभा राहणारा माणूस बहुधा ‘असे शिक्षण हवे’ एवढे तासभर सांगतो आणि बसतो. हवे, यात वाद नाही. आम्हांला आज बोलायचे आहे ते जे आहे त्याबद्दल, आणि थोडे टीकेच्या सुरात. सुरुवातीलाच कबूल करतो की ही टीका आमच्यावरही आहे. काही वर्षांपूर्वी पर्यावरणविषयक पाठ आणि नमुना प्रश्न तयार करणाऱ्या एका समितीवर आम्हीही होतो. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून ‘मूल्ये’ हा भाग आमच्याकडे आला. तो आम्ही कसा बिघडवला, ते ओघात येईलच.

आधी थोडा मागोवा घेऊ. १९७२ साली स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची परिषद झाली. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आपल्या संविधानात पर्यावरणाविषयी दोन गोष्टी आल्या, त्यांच्याकडे नंतर वळू. १९७७ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत जॉर्जियात, तिबिलिसीला, युनेस्कोने पर्यावरण शिक्षणावर परिषद घेतली. पर्यावरण शिक्षण म्हणजे केवळ माहिती नव्हे. जाणीव, ज्ञान, दृष्टी, कौशल्य आणि सहभाग असा तो पाचपदरी व्यवहार आहे, असे तिथे ठरले. आपल्याकडे एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचा निर्देश दिला. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. मग २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यासाठी ‘अधिवास आणि अध्ययन’ या विषयावर जो अभ्यासगट नेमला होता, त्याचे अध्यक्ष आपले माधव गाडगीळ. मुलांनी भोवतालची माहिती स्वतः गोळा करावी आणि ती सगळ्यांना वापरता येईल अशी खुली ठेवावी, ही त्या गटाची मोठी सूचना होती. मुलाच्या वहीतले काम समाजाच्या उपयोगी पडू शकते, हा विचार त्यामागे होता.

महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहे. ‘परिसर’ हा शब्द इतका ऐसपैस की चौथीचे ‘शिवछत्रपती’ हे पुस्तकसुद्धा परिसर अभ्यास भाग दोन म्हणूनच येते. पुढे विज्ञान-भूगोलात पर्यावरणाचे पाठ आहेत. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आली, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’. म्हणजे बघा, कागदावर काही कमी नाही. मग अडते कुठे?

आता एक प्रसंग सांगतो. समितीचे काम संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनी आम्ही पूर्व उपनगरातल्या महापालिकेच्या एका शाळेत गेलो होतो. वर्ग सहावीचा. बाईंनी घटक चाचणीचे पेपर आमच्यापुढे ठेवले. प्रश्न होता, ‘पाण्याची बचत करण्यासाठी तुम्ही काय कराल?’ बहुतेक सगळ्या मुलांचे उत्तर एकच : दात घासताना नळ बंद ठेवीन. पूर्ण गुण. एका मुलाने मात्र लिहिले होते, ‘आमच्याकडे पाणी वाया जात नाही, कारण ते मोजून येते. आई ड्रम भरते. दोन ड्रमांत सगळ्यांचे होते.’ अर्धा गुण. आम्ही बाईंना विचारले, हे असं का? बाई म्हणाल्या, “सर, त्याने लिहिलंय ते खरं आहे. वर्गातल्या निम्म्याअधिक घरांत नळच नाही, गल्लीच्या तोंडाशी पाइप येतो. पण नमुना उत्तरात ते बसत नाही. मी काय करू?”

तो नमुना प्रश्न आणि ते नमुना उत्तर आमच्या समितीतले होते. ‘मूल्ये’ या सदरातले. म्हणजे आमच्या हातचे.

त्या अर्ध्या गुणाचा आम्ही पुष्कळ विचार केला. त्या वर्गात पाण्याबद्दल खरे ज्ञान कोणाकडे होते? ज्या मुलाला एका ड्रममध्ये किती पाणी मावते, त्यात किती माणसांचे भागते, ते कधी येते आणि कधी दगा देते हे ठाऊक होते, त्याच्याकडे. उरलेल्या मुलांनाही ते ठाऊक होतेच, पण ते पेपरात लिहायचे नसते एवढे शहाणपण त्यांना आले होते. शाळेने त्यांना पर्यावरण शिकवले नाही. आपल्या जगण्यातले ज्ञान शाळेच्या दाराबाहेर ठेवून आत यायचे, हे शिकवले. आमचा पहिला आक्षेप हा आहे.

गिल्बर्ट राइल नावाचा ब्रिटिश तत्त्वज्ञ होऊन गेला. १९४९ च्या त्याच्या ग्रंथात त्याने एक साधा भेद दाखवला : अमुक असे असे आहे हे माहीत असणे वेगळे, आणि अमुक करता येणे वेगळे. पोहण्याचे नियम पाठ असणारा बुडू शकतो. त्याच्याही फार आधी ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते की सद्गुण हा सवयीने येतो. वीणा वाजवून माणूस वादक होतो, तसा न्यायाने वागून न्यायी होतो. आमच्या पर्यावरणाच्या पाठांत होते असे, की ना धड ‘असे आहे’चे ज्ञान, ना धड ‘करता येणे’. असतात ती आज्ञार्थी वाक्ये. झाडे लावा. कचरा टाकू नका. प्लॅस्टिक टाळा. आज्ञार्थ हा काही ज्ञानाचा अर्थ नव्हे हो! आज्ञार्थाचे एकच उत्तर असते, ‘होय’. आणि वर्ग एका सुरात ‘होय’ म्हणतो.

दुसरा आक्षेप. घटनादुरुस्तीतल्या दोन गोष्टींचा उल्लेख मघाशी केला. एक अनुच्छेद ५१ क, नागरिकांची मूलभूत कर्तव्ये. त्यात नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ही कर्तव्ये छापलेली असतात. आपण सगळ्यांनी ती पाहिली आहेत. दुसरी गोष्ट अनुच्छेद ४८ क. पर्यावरणाचे रक्षण आणि संवर्धन करण्यासाठी राज्याने झटावे, असे तो सांगतो. राज्याने, म्हणजे शासनसंस्थेने. दोन्ही कलमे एकाच दुरुस्तीने आली, जुळी भावंडेच म्हणा. पण कर्तव्यांच्या त्या पानावर मुलाला भेटते त्यातले एकच. तू काय करायचे ते छापले आहे. तुझ्यासाठी इतरांनी काय करायचे ते छापलेले नाही.

हा केवळ छपाईचा मुद्दा नाही. देवनारचे उदाहरण घ्या. तिथे मुंबईचा कचरा १९२७ पासून पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला अशी आग लागली की धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि परिसरातल्या महापालिकेच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. आता सुट्टी संपून मूल वर्गात येते, पुस्तक उघडते. पुस्तक म्हणते, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. बरोबरच आहे ते. पण ज्या मुलाच्या घरात दिवसाकाठी मूठभर कचरा होत नाही, ज्याच्या शेजारपाजारची माणसे साऱ्या शहराचे भंगार वेचून, निवडून पोट भरतात, त्याला आपण कोणत्या तोंडाने सांगतो आहोत? कचरा वेगळा कसा करायचा हे त्या वस्तीने आपल्याला शिकवायचे, की आपण तिला? आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेय कोणाला, आणि निकाल लिहितोय कोण?

लहान मुलांना चांगल्या सवयी लावू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. नळ बंद करायचाच, घरात असेल तर. पण नीतीचा एक जुना नियम आहे : ज्याची करण्याची ताकद जास्त, त्याची जबाबदारी जास्त. हे प्रमाण पाठातून गायब झाले की नीतीचा पाठच अनीतीचा होतो.

तिसरा मुद्दा ‘समाविष्ट करणे’ या शब्दाचा. पर्यावरण हा स्वतंत्र विषय असावा की सगळ्या विषयांत मुरवावा, हा वाद जुना आहे. स्वतंत्र विषय केला की त्याचे पुस्तक येते, वही येते, श्रेणी येते आणि वर्षाच्या अखेरीस एकमेकांच्या पाहून उतरवलेला प्रकल्प येतो. मुरवला की तो सगळ्यांचा होतो, म्हणजे कोणाचाच राहत नाही. गणिताचे गुरुजी म्हणतात विज्ञानात येतो, विज्ञानाच्या बाई म्हणतात भूगोलात आहे. या वादात दोन्ही बाजू एकच गोष्ट विसरतात, असे आम्हांला वाटते. प्रश्न कुठल्या विषयात घालायचे हा नाही. कुठल्या जागेपासून सुरू करायचे, हा आहे.

याची परंपरा आपल्याकडे आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताच्या उद्योगातून आणि भोवतालातून शिक्षण. त्याहून आम्हांला जवळचे वाटते ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कोसबाडचे काम. आदिवासी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, अशी तक्रार करत त्या बसल्या नाहीत. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! मुलाचे जगणे ही शाळेची अडचण नसून शाळेचे साहित्य आहे, हे त्यांनी करून दाखवले. मग मुंबईच्या मुलाचे कुरण कोणते?

इथे आम्हांला महापालिकेच्या शाळांचा एक मोठा गुण सांगायचा आहे, जो महागड्या खाजगी शाळांकडे कितीही शुल्क घेतले तरी येणार नाही. या शाळा जी संस्था चालवते, तीच संस्था शहराला पाणी पुरवते, सांडपाणी वाहून नेते, पावसाळी नाले उपसते, कचरा उचलते, उद्याने राखते, रुग्णालये चालवते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशा आठ माध्यमांत ती मुलांना शिकवते. एवढी मोठी प्रयोगशाळा आणि एवढा मोठा वर्ग एकाच मालकीचे! पण शिक्षण खात्याचा दरवाजा जल खात्याच्या दरवाजाकडे उघडत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेने हवामान कृती आराखडा जाहीर केला, २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. उत्तम. पण २०५० साली जी माणसे हे शहर चालवणार, ती आज तिच्याच बाकांवर बसली आहेत. त्यांना या शहराचा व्यवहार कळतो का?

शिकवायचे म्हणजे काय, ते दोन-तीन उदाहरणांनी सांगतो.

पाणी घ्या. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येते. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. मग मोडक सागर, वैतरणा, भातसा. शहर वाढत गेले तसे ते पाण्यासाठी दूर दूर हात पसरत गेले. हा इतिहासाचा पाठ आहे. विहार-तुळशी शहरात, बाकीचे ठाणे-पालघर-नाशिककडे, हा भूगोल. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा न्यायाचा प्रश्न. आणि १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारण्याच्या धोरणावर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की घर अनधिकृत असले तरी माणसाला पाण्यापासून वंचित ठेवता येणार नाही, जगण्याच्या हक्कात पाणी येते, हे नागरिकशास्त्र. अर्धा गुण मिळवणारा आमचा तो मुलगा या पाठात कुठे बसला असता? पहिल्या बाकावर.

पाऊस घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा पाठ करून घेण्यात अर्थ नाही. शाळेचे मैदान समजा तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. त्यावर एवढा पाऊस पडला तर पाणी किती? मुलांनाच गुणायला लावा. सहाशे चौरस मीटर गुणिले ०.९४४, म्हणजे ५६६.४ घनमीटर; लिटरमध्ये ५,६६,४००. दहा हजार लिटरचे छप्पन्न टँकर भरतील आणि वर उरेल. एका लहानशा मैदानावर! आता पुढचा प्रश्न : हे पाणी गेले कुठे? जमिनीवर काँक्रीट असेल तर मुरणार नाही. नाल्यात गेले, तर नाला मिठी नदीत; आणि त्याच वेळी भरती असेल तर माहीमच्या खाडीचे पाणीच उलट आत येऊ पाहते. मग हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथली उदंचन केंद्रे कशाला बांधली, ते सांगावे लागत नाही, मूलच विचारते. मिठी ही विहार-पवईच्या सांडव्यातून निघणारी नदी आहे, नाला नव्हे, हेही त्यात कळते. ‘नदी स्वच्छ ठेवा’ या वाक्याला तेव्हा कुठे अर्थ येतो.

आता आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप, अभ्यासक्रम राज्याचा. महापालिकेला तो बदलता येत नाही. खरे आहे. पण क्रमिक पुस्तक बदलायची गरजच नाही. क्षेत्रफळाचे गणित पुस्तकात आहेच. मैदान आपले घ्यायचे एवढेच. प्रत्येक विभागाची एक छोटी पुस्तिका, त्यात आपल्या विभागातले पाणी कुठून येते, नाला कुठे जातो, कचरा कुठे जातो, सावली कुठे आहे. आठ भाषांत. हे महापालिकेच्या अधिकारातले काम आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो आम्ही सर्वांत गंभीर मानतो. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, त्यात हे नवे! ज्या बाईंनी आम्हांला ते पेपर दाखवले, त्यांना सगळे कळत होते; त्यांच्या हाती नव्हती ती मोकळीक. म्हणून नव्याने काही लादण्याआधी काढून काय घ्यायचे, ते ठरवावे लागेल. आम्ही सुचवू : घोषवाक्य स्पर्धा, रांगोळी, शपथ, आणि रोप हातात धरून काढलेले छायाचित्र. एवढे कमी केले तरी बरेच तास हाती लागतात.

तिसरा आक्षेप उघड कोणी बोलत नाही. मुले मोजायला शिकली तर ती महापालिकेलाच प्रश्न विचारतील. आपल्याच शाळेतली मुले आपल्याच खात्याची तक्रार करताहेत, हे कोणाला परवडेल? आम्ही म्हणू, ज्या व्यवस्थेला आपल्या सहावीतल्या मुलाचा प्रश्न झेपत नाही, तिला पूर काय झेपणार? अर्थात शिक्षकाला संरक्षण हवे. मुलाच्या प्रश्नाचा जाब बाईंना विचारला जाणार नाही, अशी लेखी हमी हवी.

आणि एक आक्षेप आमचाच आमच्यावर. जागेपासून सुरुवात करा म्हणता म्हणता आपण गोवंडीच्या मुलाला फक्त कचऱ्याचा डोंगर दाखवत बसू, हा धोका आहे. दुःखाचाच परिसर अभ्यास, ही दुसरी क्रूरता. त्या मुलाचा बोरिवलीच्या जंगलावरही तेवढाच हक्क आहे. त्याला कान्हेरीला न्या. डोंगरात कोरलेल्या लेण्यांबरोबर भिक्खूंनी खडकात पाण्याची टाकी, पोढी खोदली आहेत. पावसाचे पाणी वाट काढून त्यांत उतरते. शेकडो वर्षांपूर्वी याच बेटावर कोणी तरी थेंबाचा हिशोब केला होता, हे त्याने डोळ्यांनी पाहावे. आणि नंतर काही न विचारता, काही न लिहून घेता, त्याला झाडाखाली नुसते बसू द्यावे. ज्याच्यावर कधी प्रेमच जडले नाही, ते राखावेसे का वाटेल?

शेवटी मूल्यमापनाकडे येऊ, कारण आमची चूक तिथे झाली. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवले जाते, हे सत्तरी ओलांडल्यावर आम्ही शंका न घेता सांगू शकतो. ‘तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न आम्ही मागे घेतो. त्याऐवजी असे विचारावे : तुमच्या घरातल्या पाण्याचा एक दिवस लिहा. ते कुठून येते, कोण भरते, किती, आणि जाते कुठे? याला नमुना उत्तर नसते. इमारतीतले मूल वेगळे लिहील, चाळीतले वेगळे, झोपडीतले वेगळे. मग ती उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि वर्गाने त्यांच्याकडे बघावे. बाईंनी एकही उपदेश न करता त्या दिवशी पर्यावरणाचा तास होईल.

प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारले, “सर, एवढ्या लहान वयात विषमता दाखवली तर मुलांच्या मनात कटुता येणार नाही का?” आम्ही म्हटले, मुलांना ती आपण दाखवतो, असे आपल्याला वाटते. ती त्यात राहतात. न बोलण्याने कटुता जात नाही, ती एकटी पडते. वर्गात बोलले की तिचा प्रश्न होतो, आणि प्रश्नावर चार जण मिळून काम करू शकतात.

एका शिक्षिकेने विचारले, “उद्या वर्गात गेल्यावर पहिलं काय करू?” त्यांना सांगितले तेच सांगून थांबतो. शाळेचा नळ कुठून येतो, ते शिपाईमामांना विचारा. टाकी कुठे आहे, ती किती वाजता भरते, त्यांना माहीत असते. मग मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा आणि मुलांपुढे त्यांनाच बोलू द्या. आम्ही समितीवर बसलो तेव्हा अशा एकाही माणसाला विचारले नव्हते.